एका गुणकापुरता फरक

अक्का,

भेटायला येणारे अजून येतात. दुकानाच्या ओट्यावर बसतात, अण्णांचा हात हातात घेतात, आणि थोड्या वेळाने घसा साफ करून तेच विचारतात, "गिरिजा नेमकं काय करायली होती?" अण्णा सांगतात, "संशोधन." पुढचं विचारलं की ते माझ्याकडे बघतात. धाकटी माजलगावच्या शाळेत गणित शिकवते, म्हणजे तिला माहीत असणार. मी म्हणते, आकारांचा अभ्यास. लोक मान हलवतात. परवा नांदूरघाटचे मामा म्हणाले, "म्हंजी नकाशे काढायची?" आणि मी हो म्हणून टाकलं. तू असतीस तर मामांना तिथेच धरून बसवलं असतंस. चहा गार झाला असता, पण उठताना त्यांना निदान एवढं कळलं असतं की ते नकाशे नव्हते.

माझ्यात ती ताकद नाही. तुझ्यातली किती होती तेही आता कळायचं नाही.

आपल्या लिंगायत रीतीने तुला बसवून पुरलं. स्वामींनी तुझ्या डाव्या तळहातावर इष्टलिंग ठेवलं आणि बोटं मिटवली. ती मिटेनात, पुन्हा पुन्हा उघडायची. शेवटी अण्णा खाली उतरले आणि माती पडायला लागेपर्यंत त्यांनी तुझी मूठ धरून ठेवली. मी वर उभी होते. त्या वेळी माझ्या मनात काय चाललं होतं, ते दुसऱ्या कुणाला सांगता येणार नाही. मला वाटत होतं, तू आत्ता मान वर करशील आणि म्हणशील, "सुमे, थांब. तुझं चुकायलंय."

हेच वाक्य ऐकत मी मोठी झाले. आई गेली तेव्हा मी चौथीत होते आणि तू मॅट्रिकला. संध्याकाळी तू भाकरी टाकायचीस आणि मी चुलीपुढे पाटी घेऊन बसायची. उत्तर बरोबर आलं तरी तू म्हणायचीस, "कसं आलं ते सांग." शेजारच्या पोरी उत्तर आलं की खेळायला जायच्या. मी रडकुंडीला यायची. आज शाळेत पोरांना मी तेच विचारते आणि तीही रडकुंडीला येतात. तुझ्याकडून मिळालेलं जे माझ्याजवळ खरंच उरलं आहे, ते एवढंच असेल. त्याबद्दल तुझे उपकार मानायचे राहून गेले. आपल्या घरात अशी बोलायची रीतच नव्हती.

औरंगाबादहून एम.एस्सी. करून तू दक्षिणेत संशोधनाला निघालीस तेव्हा गल्लीत केवढी कुजबुज झाली. दिंद्रुडच्या कापड दुकानदाराची पोरगी, लग्नाचं वय, आणि चालली दोन दिवसांच्या प्रवासाला. कुणीतरी अण्णांना दुकानात येऊन बोललं. अण्णा गिऱ्हाइकाला लुगडं मोजून देत होते. मान वर न करता म्हणाले, "पोरगी शिकाया चालली, पळून न्हाई चालली." पुन्हा कुणी विचारलं नाही. तू जाताना अण्णा स्टँडवर आले नाहीत, दुकान उघडं ठेवून बसले. तुला वाटलं त्यांना राग आलाय. राग नव्हता, अक्का. एसटी गेल्यावर मी परत आले तर ते गल्ल्यावर डोकं ठेवून बसले होते.

मग एका उन्हाळ्यात तू परत आलीस. सुट्टी आहे म्हणालीस. शाळा सुरू झाल्या, पेरण्या आटोपल्या, तुझी सुट्टी काही संपेना. अण्णांनी मला रविवारी बोलावून घेतलं आणि म्हणाले, "तू विचार. मला न्हाई विचारता येत."

उन्हं उतरल्यावर आपण माळवदावर, घराच्या सपाट मातीच्या छतावर गेलो. विचारायची गरजच पडली नाही. तू कोळशाचा तुकडा घेऊन सुरूच केलंस, जणू मी त्यासाठीच आले होते.

"ही एक कातडी समज. आतून पोकळ. फुग्यासारखी, न्हाईतर सायकलच्या ट्यूबसारखी. प्रत्येक कातडीला मी एक सदिश अवकाश देते."

बी.एस्सी.ला होता तेवढा सदिश अवकाश मला आठवत होता: बाणांचं एक घर, जिथे बाणांची बेरीज करता येते, त्यांना आकड्याने गुणता येतं.

"आता दोन कातड्यांच्या मधी जो भरीव ऐवज हाय, एकीपासनं दुसरीपर्यंत, तो मला एका घरातून दुसऱ्या घरात जायची वाट देतो. दोन भरीव तुकडे तोंडाला तोंड लावून जोडले, की वाटा एकीपुढं एक जोडल्या जातात. असे चार-पाच नियम हायेत. त्यांतला एक म्हणजे नैसर्गिकता. मी तिथं अडकले."

"ती काय असती?"

"ही कातडी ओढून-ताणून दुसऱ्या कातडीवर बसवली. फाडली न्हाई, चिकटवली न्हाई. मग त्यांची घरंबी एकमेकावर बसली पाहिजेत. आणि आधी बसवून मग वाट चालले, का आधी वाट चालून मग बसवलं, पोचायचं एकाच ठिकाणी." तू एक चौकोन काढलास, चार कोपरे आणि चार बाण. वरून जा, खालून जा, शेवटचा कोपरा तोच.

"नैसर्गिक कावून म्हणायचं त्याला?"

"कारण कुणाला काही निवडावं लागत न्हाई. तू कुठूनही मोजायला लाग, मी कुठूनही लागते, दोघींचं जमतं. जिथं कुणाची मर्जी आली, ते नैसर्गिक न्हाई."

मग तू तुझी अडचण सांगितलीस. तू कातडीचे तीन-तीन तोंडांचे तुकडे करायचीस. कमरेला एक तोंड, पायांना दोन. जगातले सगळे गणिती त्या तुकड्याला पायजमाच म्हणतात म्हणालीस. अण्णा चहा घेऊन जिना चढत होते, त्यांनी तेवढंच ऐकलं. "इतकी वर्षं तिकडं पायजम्यावरच काढली का?" म्हणाले. त्या दिवशी आपण तिघं हसलो. त्यानंतर तिघं एकदम हसल्याचं मला आठवत नाही.

"पण कापायचं कुठं, हे निवडावं लागतं," तू म्हणालीस. "तू एका रीतीनं कापलंस, मी दुसऱ्या, तर घरं दोन निघतात. मग दोन्हींत पूल बांधायचा. ते मी केलं. आता पहिल्या कापावरून दुसऱ्यावर गेले, दुसऱ्यावरून तिसऱ्यावर, आणि फिरून पहिल्यावर आले. जशी निघाले तशीच पोचायला पाहिजे का न्हाई?"

"पाहिजे."

"न्हाई पोचत. प्रत्येक बाणाला एक आकडा गुणून आलेला असतो. सगळ्यांना तोच आकडा. बाणाची लांबी बदलत न्हाई, तो नुसता वळून येतो. लई बारीक वळण. पण हाय."

तिकडे तुला मार्गदर्शन करणाऱ्या सरांचं म्हणणं होतं की त्यात अडण्यासारखं काही नाही. प्रत्येक प्रमेयात 'एका गुणकापुरता फरक वगळता' एवढे शब्द घालायचे आणि प्रबंध द्यायचा. सगळे तसंच लिहितात. ते रागावले नव्हते, तुला समजावत होते. तूच सामान बांधलंस.

मी म्हणाले, "मग लिही ना. चार शब्द तर हायेत."

"सुमे, तो आकडा कुठून येतो ते मला ठाऊक न्हाई. जे ठाऊक न्हाई ते वगळायचं कसं?"

त्यावरून आपण भांडलो. त्या संध्याकाळी, मग दिवाळीत, मग जवळजवळ प्रत्येक रविवारी. मी म्हणायची, पदवी घे आणि मग आयुष्यभर शोध तो आकडा. तू म्हणायचीस, एकदा वगळलं की पुन्हा कुणी शोधत नाही. अक्का, तू गेलीस म्हणून मी माझं म्हणणं सोडलेलं नाही. तू ते चार शब्द लिहायला पाहिजे होतेस. पदवी असती तर एखाद्या मोठ्या ठिकाणी नोकरी लागली असती, आजूबाजूला बोलायला माणसं असती, ग्रंथालय असतं. तुझा हट्ट खरा होता असं लोकांना सांगताना मला अभिमान वाटावा, अशी माझी फार इच्छा आहे. वाटत नाही. वाईटच वाटतं.

धारूरच्या एका कॉलेजात तुला तासिकेवर जागा मिळाली. सकाळची एसटी, बालाघाटाची चढण, दोन तास शिकवायचं आणि दुपारच्या गाडीने परत. पहिल्या वर्षी शेवटच्या वर्गाला गणित घेतलेली पोरं बऱ्यापैकी होती. मग गावोगावी इंजिनिअरिंगची खासगी कॉलेजं निघाली, कॉम्प्युटर क्लासच्या पाट्या लागल्या, आणि तुझा वर्ग रिकामा होत गेला. एका मुलीने तुला विचारलं होतं, "मॅडम, हे कुठं उपयोगी पडतं?" तू म्हणालीस, "मला तरी अजून कुठं पडलं न्हाई." हे तू मला हसत सांगितलंस. ती मुलगी पुढच्या आठवड्यात क्लास बदलून गेली, हे मात्र नंतर मला दुसऱ्याच कुणाकडून कळलं. प्राचार्यांनी सुचवलं, मॅडम, काळ बदलतोय, तुम्ही कॉम्प्युटर शिकवा. एका वर्षी विशेष गणिताला कुणीच नाव घातलं नाही. तू पहिल्या वर्षाच्या पोरांना समीकरणं शिकवायला त्याच एसटीने जात राहिलीस.

सगळीकडे लोक बोलायचे, आता देश उघडला. दिंद्रुडच्या स्टँडवर एसटीडीची पिवळी पाटी लागली, घरांवर डिश आल्या, अण्णांच्या दुकानात तयार कपड्यांचे गठ्ठे उतरले आणि ओट्यावरचा शिंपी मशीन घेऊन पुण्याला मुलाकडे गेला. तुझ्याकडे मात्र येणारं सगळं बंद झालं. औरंगाबादच्या ग्रंथालयात तुला हवी ती नियतकालिकं यायची थांबली. दक्षिणेतली तुझी मैत्रीण आधी शोधनिबंधांच्या झेरॉक्स पाठवायची, ती परदेशात गेली. तुझ्याजवळ जुने कागद होते आणि तोच आकडा होता. रविवारी मी यायची तेव्हा तू माळवदावर बसलेली असायचीस. विचारलं की म्हणायचीस, "आज दुसऱ्या बाजूनं फिरून बघायले."

पोटात दुखतं हे तू कुणाला सांगितलं नाहीस. अण्णांना तुझे कपडे ढगळ दिसायला लागले. कापडवाल्याची नजर, तिने आधी ओळखलं. अंबाजोगाईच्या दवाखान्यात नेलं तेव्हा गाठ पसरलेली होती. डॉक्टर सावकाश बोलत होते, अण्णांना समजेल अशा बेताने, आणि अण्णा प्रत्येक वाक्याला "बरं" म्हणत होते. बाहेर आल्यावर त्यांनी मला विचारलं, "काय म्हणले गं?"

दवाखान्यातली ती दुपार मी रोज पुन्हा उलगडते. अण्णा खाली जेवायला गेले होते. तू जागी होतीस. काहीतरी बोलायचं म्हणून मी बोलले. खरं तर येताना एसटीत मला ते सुचलं होतं आणि तुला सांगायची घाई झाली होती.

"अक्का, नैसर्गिकता वेगळी कावून सांगायची? एक कातडी दुसरीवर बसवली, ते बसवणं म्हणजेच एक भरीव तुकडा समज. जाड भिंतीचं नळकांडं घ्यायचं. एका टोकाला कातडी जशीच्या तशी लावायची, दुसऱ्या टोकाला वळवून लावायची. मग तुझ्या जोडायच्या नियमातूनच सगळं निघतं. वेगळा नियम नको."

तू मान वळवलीस. इतक्या दिवसांत पहिल्यांदा तुझ्या डोळ्यांत ती जुनी चमक दिसली. "कुठं वाचलंस हे?"

"कुठं न्हाई. आपलं सुचलं."

"नळकांडं तुझ्या तुकड्याला जोडलं, की जे होतं ते, आणि दुसऱ्या बाजूचा तुकडा, दोन्ही एकच हायेत हे कशावरून?"

"ओढून-ताणून एकमेकांवर बसतात की."

"बसतात. पण बसतात म्हणून दोघांची वाटबी एकच, हे कुणी सांगितलं?"

मी चादरीवर बोटाने तो चौकोन काढायला लागले.

"तीच नैसर्गिकता, बाई. तू तिला पदराआड घेऊन आलीस, आणि आता पदर बाजूला करून म्हणतीस, बघ, आपोआप निघाली." तुला बोलायला दम लागत होता, तरी तू हसलीस. मग जरा थांबून म्हणालीस, "पण तुझं एक बरोबर हाय. तू म्हणतीस त्या कारणानं न्हाई. दुसऱ्याच कारणानं."

"कोणत्या?"

तेवढ्यात नर्स सलाईन बदलायला आली. तिने मला बाहेर जायला सांगितलं. तू म्हणालीस, "उद्या सांगते."

दुसऱ्या दिवशी तुला ग्लानी होती. त्यानंतर तू मला ओळखलंस की नाही, मला सांगता येत नाही. अण्णा म्हणतात ओळखलं. त्यांच्याकडे बघून तू ओठ हलवलेस, ते त्यांना 'सुमन' असं वाटलं. मला ते पाण्यासाठी वाटलं, म्हणून मी चमच्याने पाणी घातलं.

तुझं ते दुसरं कारण काय होतं, ते मी शोधते आहे. कदाचित तुला म्हणायचं असेल की भरीव तुकडे सुटे सुटे मोजूच नयेत. जे एकमेकांवर बसतात ते सगळे मिळून एकच तुकडा, असं आरंभीच धरावं. म्हणजे नैसर्गिकता नियमांच्या यादीत राहत नाही, वस्तूच्या व्याख्येत जाते. मग मी म्हणत होते तसं वेगळा नियम नको, एवढं बरोबर ठरतं, पण नळकांड्यामुळे नाही. किंवा तुला भलतंच काही म्हणायचं असेल. शाळेच्या मधल्या सुट्टीत मी फळ्यावर तो चौकोन काढते आणि घंटा झाली की पुसते. माझं तर्कट बरोबर असलं तरी मला कळणार नाही, आणि चुकलं असलं तरी नाही. जिल्ह्यात विचारायला जाण्यासारखं एक दार होतं आणि ते आपल्याच घरात होतं.

मागच्या आठवड्यात मी स्टँडवरच्या बूथवरून तुझ्या सरांना फोन लावला. तू गेलीस हे त्यांना कळवलं पाहिजे, असं अण्णांच्या मनात होतं. ते स्वतः बाहेर बाकड्यावर बसले. तू कधी गेलीस, ते सरांनी विचारलं. मग सावकाश इंग्रजीत, मला समजतंय ना हे मधेमधे विचारत बोलले. तुझ्याइतकी नजर असलेली विद्यार्थिनी त्यांना पुन्हा मिळाली नाही म्हणाले. मी विचारलं, तो आकडा? ते म्हणाले, तो जात नाही. तुझ्या पद्धतीच्या रचनेत नुसत्या कातडीवर तो काही केलं तरी जात नाही. कातडीला आधीच वरून एखादी जास्तीची खूण द्यावी लागते, नाहीतर तो गुणक मान्य करावा लागतो. हे आता त्या क्षेत्रातल्या माणसांत सर्वांना माहीत आहे. मी विचारलं, अक्काला माहीत होतं? ते म्हणाले, "मला वाटलं, तिच्यापर्यंत पोचलं असेल."

कसं पोचणार होतं, सर? हे मी मनात म्हणाले. त्यांना फक्त थँक्यू म्हणाले.

बाहेर आले तर अण्णांनी बाकड्यावर माझ्यासाठी जागा केली.

"काय म्हणले?"

"लई हुशार होती म्हणले. वाईट वाटलं त्यांना."

अण्णांनी मान हलवली. समोर माजलगावची गाडी लागली, लोक चढले, गाडी निघून गेली. मग त्यांनी विचारलं, "आणखी वर्ष-दोन वर्षं मिळाली असती, तर तिचं ते झालं असतं का?"

मला हो म्हणता आलं असतं. पण बोलणं तुझ्याबद्दल चाललं होतं, तिथे चुकीचं उत्तर देववेना.

"न्हाई, अण्णा. ते होण्यासारखंच नव्हतं. कुणाच्यानंच झालं नसतं."

ते कितीतरी वेळ हातातल्या पिशवीचा बंद नीट करत बसले.

"तिला ठाऊक होतं?"

"मला न्हाई म्हाईत."

"ठाऊक असंल," अण्णा म्हणाले. "तिला सगळं आधीच कळायचं." आणि दुकान उघडायचं म्हणून उठले.

त्यांना त्याचा आधार वाटतो, तर वाटू दे. मला वाटत नाही. होणार नाही हे ठाऊक असून तू रोज माळवदावर बसत होतीस, की ठाऊक नव्हतं म्हणून बसत होतीस? दोन्हींतलं एक खरं असणार. मला दोन्ही नको आहेत, अक्का.